काकाकुवावाली कॅरव्हान

पोर्ट ऑगस्टा,
मार्च

प्रिय लिंडी,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघासुद्धा हल्ली फारसा कुरकुरत नाही. माझ्या हातचं एवढं लांबलचक काही तुला मिळायची ही पहिलीच वेळ असेल. वाढदिवसाच्या कार्डावर शेवटी 'आणि बाबा' एवढं लिहायला तुझी आई पेन माझ्या हातात द्यायची, बाकी पानभर बडबड तिची. बोलायचं खातं तिच्याकडे आणि गाडी चालवायचं माझ्याकडे, ही आमची वाटणी लग्नापासूनची. रविवारी तू फोनवर म्हणालीस, "बाबा, विकून टाक ना ती कॅरव्हान. आम्ही विमानाचं तिकीट काढतो, एका दिवसात इथे पोचशील, कशाला ते हाल," तेव्हा मी "बरं, बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर लक्षात आलं की मला "बरं, बघू" म्हणायचंच नव्हतं. तुला माहितीये माझं. समोरचं माणूस जरा थांबलं की मला वाटतं बोलणं संपलं. म्हणून आज सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलोय. अक्षर लावून लावून वाच.

तर तुझ्या डीनने इंटरनेटवर टाकलेली जाहिरात बघून पोर्ट लिंकनच्या एका तरुण जोडप्याचा फोन आला होता. बरी माणसं वाटली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कॅरव्हान बघायला येतायत. बघायला म्हणजे न्यायलाच, कारण त्या मुलीने टायर किती जुने, छप्पर गळतं का, यातलं काही न विचारता पडद्यांचा रंग विचारला. तेव्हा त्याच्या आत तू मला कळव, विकू की नको. तू "विक" म्हणालीस तर विकीन, आणि तोंड फुगवून बसणार नाही. पण आधी माझं सगळं ऐकून घे. तुझ्या आईला अखेरचा निरोप दिल्यावर चर्चच्या हॉलमध्ये आपण सगळे चहाचे कप घेऊन उभे होतो. तू माझा दंड धरून म्हणालीस, "बाबा, एप्रिलच्या सुट्टीत आपण सगळे जाऊ. तू, मी, डीन, मुलं. आईच्या रस्त्याने, आईची कॅरव्हान घेऊन, पार आमच्या बनबरीपर्यंत." अशा वेळी माणसं असं काहीबाही बोलतात आणि ते तेवढ्यापुरतंच असतं, हे मला शेजारच्या कॉनने नंतर सांगितलं. तोवर माझी निम्मी तयारी झाली होती.

काय ठरवलंय ते सांगतो. तुम्ही ॲडिलेडपर्यंत विमानाने या, मी तिथे घ्यायला येतो. मोठा पलंग तुला आणि डीनला, एकावर एक असलेले छोटे दोन रूबी आणि टोबीला. वर कोण झोपणार यावरून पहिल्या दिवशी मारामारी होईल, ती त्यांची त्यांना करू दे. मी बाजूला तंबू लावून माझ्या जुन्या खाटेवर. मला आवडतं तिथे, माझं घोरणं कापडातून थेट बाहेर जातं. वजनाची मांडणी मी नव्याने करून पाहिली. जड सामान मधोमध, चाकांच्या वर. मागे जड ठेवलं की कॅरव्हान शेपूट हलवायला लागते, आणि मग गाडी तिला ओढत नाही, ती गाडीला नाचवते. डीनला सांग, त्याचे ते व्यायामाचे लोखंडी गोळे आणायचेच असतील तर मधल्या कपाटात राहतील, आणि नाही आणले तरी कुणी त्याला कमी समजणार नाही. पाण्याच्या टाक्या सेडूनाला काठोकाठ भरून घ्यायच्या. पुढे नलाबोरच्या माळावर पाणी मागितलं तर पंपावरचे लोक किडनी मागितल्यासारखे बघतात. उन्हं कलायच्या आत मुक्कामाला लागायचं, कारण त्यानंतर रस्ता कांगारूंचा. बाहेरचे आरसे नवे लावलेत, कडीच्या साखळ्या बदलल्यात, ब्रेक तपासून घेतलेत. बसायचंही ठरवलंय. चालवणार मी, मागे डीन आणि मुलं. पुढच्या डाव्या सीटचं तेवढं ठरवायचं राहिलंय, त्याच्याकडे मी शेवटी येतो.

एक गोष्ट मात्र मला एकट्याला जमत नाही. निघण्याआधी मागचे दिवे बघायचे असतात. ब्रेकवर पाय आपला, आणि दिवा लागतो पार कॅरव्हानच्या ढुंगणाशी. तो लागला का हे बघायला मागे दुसरं माणूस उभं असावं लागतं. तुझी आई सपाता फटफटवत मागे जायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "डावा! उजवा! ब्रेक! सगळे शाबूत. आता नीघ, नाहीतर इथेच म्हातारा होशील!" दर वेळी तेच वाक्य, आणि दर वेळी हसायची तीच. आता ते काम कॉनकडे आलंय. तुला आठवतो ना, भिंतीवरून ऑलिव्हच्या बरण्या देणारा आपला ग्रीक? तो मागे उभा राहून सिगरेट ओढतो आणि म्हणतो, "नेव्ह, सगळे दिवे पेटलेत, तू तेवढा विझलायस." हे त्याचं प्रेम. परवा म्हणाला, "अरे, जायचं कुणाबरोबर ते ठरलंय का? का आपण दोघे म्हातारे जन्मभर नुसते दिवेच बघत बसणार आहोत?" मी म्हटलं, पोरीचा फोन येईल.  त्याने ऑलिव्हची बरणी भिंतीवर ठेवली आणि घरात गेला.

राज्याच्या सीमेआधीचा रस्सासुद्धा मी ठरवून ठेवलाय. पश्चिमेकडे जाताना तपासणी नाक्यावर फळं, भाज्या, मध सगळं काढून घेतात म्हणून तुझी आई आदल्या मुक्कामाला फ्रिजमधला असेल नसेल तो बटाटा, कांदा, गाजर एका पातेल्यात घालायची. शिजवलेलं चालतं ना. कधी त्यात भोपळा असायचा, एकदा तर सफरचंदही होतं, आणि आपण सगळे नाकं मुरडत दोन-दोनदा वाढून घ्यायचो. तू सात-आठ वर्षांची असताना नाक्यावरचा तो लांब मिशांचा माणूस आत शिरला होता, आठवतं? आईने अगदी शिष्ट चेहऱ्याने सांगितलं, "साहेब, आमच्याकडे एक दाणा नाही." आणि तू मागून म्हणालीस, "माझ्या उशीत मध आहे, पण तो आमचा नाही, माझा आहे." तुझ्या आईचं तोंड मी तसं पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या माणसाने हसू दाबत बरणी घेतली, पण टाकायच्या आधी चमचा मागितला आणि तुला हवा तेवढा खाऊ दिला. तू एवढा खाल्लास की पुढे गाडीत ओकलीस. रूबी तुझ्यावर गेलीय, तेव्हा मी या वेळी सगळ्यांच्या उशा आधीच तपासणार आहे.

घरी काय चाललंय म्हणशील तर काही चाललेलं नाही. बाग वाळलीय, मांजर कॉनकडे राहायला गेलंय, त्याच्याकडे मासे असतात. दुपारचा चहा मी कॅरव्हानमध्ये घेतो. ती दारातच उभी आहे, किटली घेऊन चार पावलं गेलं की झालं. घरातलं टेबल सहा माणसांचं, तिथे बसलं की पाच खुर्च्या समोर येतात. कॅरव्हानमधल्या टेबलाला दोनच बाजू, तिथे मला कमी एकटं वाटतं. हसशील तू, पण मी चहा ओतला की पडदा जरा सरकवून ठेवतो, तिला बाहेरचं बघायला लागायचं म्हणून. लिंडी, तुला स्पष्टच सांगतो, मला तिची फार आठवण येते. तू फोनवर "कसा आहेस बाबा" विचारतेस आणि मी तुला हवामान सांगतो. हवामान चांगलंच असतं इथे. पण अख्खा दिवस माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि खरं म्हणजे मी कधी बोलतच नव्हतो. ती बोलायची आणि मी शेजारी असायचो, त्यालाच मी बोलणं समजत होतो.

आता मुद्द्यावर येतो. कॅरव्हानच्या मागच्या बाजूला आईने रंगवलेला तो गुलाबी काकाकुवा तुला पाठ आहे. मान वाकडी, एक डोळा मोठा, एक बारीक. मी म्हटलं होतं, "याला अर्धांगवायू झालाय का?" तर आठवडाभर मला पॅटीस मिळाली नाही. त्याच्या खाली तिने लिहिलं, 'नेव्ह आणि ग्लेनिस, चॅनल ४०'. तसं सगळेच लिहितात, मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला गाडीतल्या बोलायच्या रेडिओवर कुणाशी बोलायचं ते कळावं म्हणून. रस्त्याला जायला एक पट्टी, यायला एक, त्यांच्या मागे दोन-दोन, तीन-तीन डबे, तेव्हा पुढे काढताना विचारून घेतलेलं बरं. इतर लोकांचं बोलणं "या पुढे", "झालं, या आत", म्हणजे पुन्हा आपल्या पट्टीत, आणि "धन्यवाद" यावर संपतं. तुझ्या आईचं तिथून सुरू व्हायचं. जेवलास का, कुठून निघालास, बायकोच्या पाठीचं कसं आहे, कुठल्या पंपावरची पॅटीस आज ताजी आहे. दर हिवाळ्यात आम्ही तुझ्याकडे यायचो तेव्हा सगळा हायवे तिच्याशी बोलायचा. मला कुणी ओळखत नव्हतं. मी म्हणजे ग्लेनचा नवरा, गाडी चालवणारा.

त्यातला डस्टी तुला आठवत असेल, तो पर्थला माल नेणारा, खडखड्या आवाजाचा. त्याच्या मुलाचं लग्न, घटस्फोट आणि दुसरं लग्न हे सगळं मी गाडी चालवता चालवता ऐकलंय. एवढ्या वर्षांत त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तो समोरून किंवा मागून जायचा, एक हात वर, झालं. एकदा मी म्हटलं, पुढच्या पंपावर थांबू या, भेटून घे की त्याला. तर आई म्हणाली, "नको बाई. तो जाडा निघाला तर मला त्याच्याशी बोलताना हसू येईल."

फेब्रुवारीत कॉन म्हणाला, एवढी मोठी मजल मारणार आहेस तर आधी एक छोटी फेरी कर, कॅरव्हान कशी ओढली जातेय ते तरी बघ. म्हणून मी स्ट्रीकी बेला निघालो, दोन दिवस मासे पकडायचे आणि परत. तुला हे सांगितलं नव्हतं. पाण्याचा मोठा कॅन मागे ठेवला तर डचमळत होता, म्हणून पुढे डाव्या सीटवर ठेवला. गाडीला वाटलं माणूसच बसलंय. ती पट्ट्यासाठी टुं टुं करत राहिली, शेवटी मी कॅनला पट्टा लावला. मग गप्प बसली. अशी आमची वरात निघाली. किंबापर्यंत सगळं ठीक होतं. कॅरव्हान सरळ चालत होती, वारा फारसा नव्हता. रेडिओ चालू होता, पण तो मी सवयीने चालू ठेवला होता. तोपर्यंत मी त्या माइकला कधी हातच लावलेला नव्हता हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

किंबा सोडल्यावर आरशात एक ट्रक मोठा मोठा होत गेला आणि रेडिओवर तो खडखडा आवाज आला. "काकाकुवा! अगं ए काकाकुवा! कुठे होतीस ग्लेन इतके दिवस? मागच्या हिवाळ्यात दिसली नाहीस. मला वाटलं नवरा बदललास आणि कॅरव्हानही!" तो हसतोय. म्हणाला, "अगं बोल की. मला नातू झाला, ते सांगायला मी वर्षभर तुझा पक्षी शोधतोय." मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. मग त्याचा आवाज जरा बदलला. "ग्लेन? आहेस ना? येऊ का पुढे?" आता हे काही गप्पा मारणं नव्हतं. तो पन्नास-साठ टनांचं धूड घेऊन माझ्या मागे होता आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढे काढणार नव्हता.  माझा हात गेला माइककडे. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "नेव्ह बोलतोय. ये पुढे. ती झोपलीय."

लिंडी, मला ते म्हणायचं नव्हतं. दुसरं वाक्य होतं ना, सरळ, तीन-चार शब्दांचं. ते मी इथे बँकेत म्हटलं, टेलिफोनवाल्यांना म्हटलं, तिच्या दातांच्या डॉक्टरच्या पोरीला म्हटलं. पण तिथे, त्या रस्त्यावर, शेजारच्या सीटला पट्टा लावलेला असताना ते माझ्या तोंडून निघेना.  मग डस्टी म्हणाला, "झोपलीय होय? बरं बरं. मग हळूच जातो. उठवू नकोस तिला." आणि तो कसा गेला माहितीये? पार पलीकडच्या कडेला जाऊन, भोंगा नाही, इंजिनाची घरघर नाही. एरवी ते धूड बाजूने गेलं की कॅरव्हान हेलकावते, या वेळी तिला नखभर धक्का लागला नाही. पुढे गेल्यावर त्याने दिवे उघडझाप केले आणि म्हणाला, "उठली की सांग, डस्टीने विचारलं होतं. आणि नातवाचं सांग. नाव ओवेन ठेवलंय."

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला हे लिहिलंही नसतं. थोड्या वेळाने रेडिओवर त्याचाच आवाज, दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता, "वुडिनाकडे येणाऱ्यांनो, गुलाबी काकाकुवा दिसला तर जरा सांभाळून जा रे. बाई झोपल्यात." आणि मग ते तसं पुढे पुढे जात राहिलं, एकाकडून दुसऱ्याकडे. माझ्या मागून जो येईल तो दूरवरूनच वेग कमी करायचा. एक जण पुढे काढून गेल्यावर रेडिओवर चक्क कुजबुजला, "थँक्यू, नेव्ह." दोन डब्यांचा ट्रक चालवणारा बाप्या, लिंडी, आणि कुजबुजतोय. मला हसायला आलं आणि मग मला दिसेना म्हणून मी गाडी बाजूला घेतली. आणखी एक सांगतो, कुणाला सांगू नकोस. पुन्हा निघाल्यावर रस्त्यात खड्डा दिसला की मीसुद्धा वेग कमी करत होतो.

मासे मिळाले नाहीत, किंवा मी गळ नीट टाकला नसेल. परत येताना मी हायवेने आलोच नाही. किनाऱ्याच्या लांबच्या रस्त्याने, पोर्ट लिंकनला वळसा घालून आलो, दुप्पट अंतर, रेडिओ बंद. कॉनने विचारलं, "एवढा वेळ कुठे होतास?" मी म्हटलं, समुद्र बघत होतो. हायवेने आलो असतो तर कुणीतरी विचारलंच असतं, "उठल्या का बाई?"

तेव्हा मला कळलं की मी काय करून ठेवलंय. सगळा हायवे तुझी आई झोपलीय असं समजून चाललाय. आता तू विचार कर. कॅरव्हान विकली आणि त्या पोर्ट लिंकनच्या मुलीने काकाकुवा तसाच ठेवला, तर एक दिवस डस्टी मागून येईल आणि विचारेल, "उठलीस का गं ग्लेन?" आणि कुणीतरी परकी पोरगी, जिला पडद्यांच्या रंगापलीकडे काही ठाऊक नाही, म्हणेल, "कोण ग्लेन? आम्ही विकत घेतलीय ही." आणि त्यांनी पक्षी खरवडून टाकला, तर तो म्हातारा तो पक्षी शोधत राहील, नातू शाळेत जायला लागेल तरी. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. मला दोन्ही चालत नाही.

म्हणून हे पत्र. सुट्टीसाठी नाही, मुलांना माळ दाखवायचा म्हणून नाही, मला एकट्याने चालवायची भीती वाटते म्हणूनही नाही. एकट्याने मी बनबरीला पोचेन, कुठे थांबायचं आणि किती वजन कुठे ठेवायचं हे मला येतं. मला एक वाक्य बोलता येत नाही. तू लहानपणी आईच्या मांडीवर बसून तो माइक धरायचीस, "या पुढे" आणि "झालं, या आत" म्हणायचीस, आणि ट्रकवाले म्हणायचे, आता दोन ग्लेन झाल्या. तुझा आवाज अजून तिच्यासारखाच आहे. तू फोनवर पहिलं "हॅलो" म्हणतेस तेव्हा दर वेळी मी जरा खुर्ची धरतो. तू ये, लिंडी. सगळ्यांना घेऊन ये, किंवा सगळे जमत नसतील तर तू एकटी ये. किंबा गेल्यावर कुणीतरी विचारेलच. तेव्हा माइक तू उचल आणि त्यांना सांग की ग्लेन गेली. सांगायचं असं की त्यांना वाईट वाटेल पण धक्का बसणार नाही, ते तिला जमायचं, तुलाही जमेल. तुझं सांगून झालं की माइक माझ्याकडे दे. डस्टीला नातवाबद्दल अभिनंदन मी स्वतः म्हणेन, ते मी इथे म्हणून म्हणून पाठ केलंय. मग बनबरीला पोचल्यावर हवी तर विकू तिला, तुझ्या दारातून, मी हू की चू करणार नाही. पाण्याचा कॅन मी मागे नीट बांधलाय. पुढची डावी सीट पुसून ठेवलीय.

तुझाच,
बाबा